नऊ महिन्यांचं बाळ रांगत नाही, आणि घरात खेळण्यांची दोन खोकी

जागरणकर्ती

लेक परवा नऊ महिन्यांचा झाला. आधार न घेता बसतो, पालथा होतो, उताणा होतो, हाताला लागेल ते तोंडात घालतो. पण रांगत नाही. पोटावर ठेवला की दोन-चार मिनिटं मान उंचावून खोलीची पाहणी करतो आणि मग असा टाहो फोडतो की मीच हरते.

बरोबरीच्या आयांचा फोनवर एक गट आहे. तिथे रोज एक व्हिडिओ. आज कुणाचं बाळ रांगलं, उद्या कुणाचं सोफ्याला धरून उभं राहिलं. मी अंगठा देते आणि फोन पालथा घालते. परवा एकीने विचारलंच, "तुझ्याकडून बरेच दिवसांत काही आलं नाही?"

दुसरा विषय खेळण्यांचा. भेटी येऊन येऊन दोन खोकी भरली आहेत. बटण दाबलं की गाणारा हत्ती. न दाबताही गाणारी गाय. आत्याने दिलेला चाकांचा वॉकर. एक ठोकळ्यांचा संच, त्यावर "३ वर्षांवरील" असं ठळक छापलंय. "अगं, आपला हुशार आहे, त्याला चालेल," इति काका. आणि रात्री दीड वाजता "रांगायला लावणारी खेळणी" असं मीही शोधत बसते, हे कबूल करून टाकते.

तर, काळजी करू का? आणि या ढिगातलं काय ठेवू, काय काढू?

दोघांची_आई

आमच्याकडे जुळी. एकच घर, एकच सतरंजी. थोरली (अकरा मिनिटांनी!) साडेसात महिन्यांत रांगायला लागली. धाकटा रांगलाच नाही. तो लोळत जायचा, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पिंपासारखा. मग एक दिवस टेबल धरून उभाच राहिला. आता आठ वर्षांची आहेत दोघं, कोण रांगलं होतं ते ओळखून दाखवा.

खेळण्यांबद्दल नंतर लिहिते, भांडण सोडवायला जातेय.

शंकेखोर

एका घरातल्या उदाहरणावरून धीर देणं सोपं असतं. ज्यांच्या बाळाचं पुढे काही निघालं, ते असे हसरे प्रतिसाद लिहायला येत नाहीत.

दोघांची_आई

मान्य. म्हणून "आमच्याकडे" म्हटलं, "सगळीकडे" नाही.

पावलोपावली

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. बाळ न बघता निदान करणार नाही, पण आकड्यांचा जो घोळ आयांच्या डोक्यात असतो तो थोडा सोडवते.

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ मुलांची हालचाल महिनोन् महिने नोंदवली आणि ते निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. निरोगी मुलं कोणती गोष्ट कधीपासून कधीपर्यंत करू लागतात याची त्यात 'खिडकी' दिली आहे. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५. एकटं उभं राहणं ६.९ ते १६.९. एकटं चालणं ८.२ ते १७.६. चालण्याची खिडकी पुन्हा एकदा वाचा. सव्वाआठ महिन्यांचं आणि साडेसतरा महिन्यांचं, दोन्ही बाळं त्या खिडकीत बसतात. आणि त्याच अभ्यासात ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. दोघांची_आई, तुमचा पिंप त्यांच्यातला.

कोणत्या वयात बाळाला काय यावं याची जी यादी तुमच्या गटात फिरत असेल ती बहुधा जुनी असणार. सीडीसी या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेची यादी जगभर वापरतात. तिच्यात पूर्वी साधारण निम्मी मुलं जे करतात ते त्या वयासमोर लिहिलेलं असायचं. म्हणजे उरलेली निम्मी त्या यादीपुरती मागेच! २०२२ साली ती बदलली. आता ७५ टक्के किंवा त्याहून जास्त मुलांना जे त्या वयात जमतं तेच यादीत असतं. त्यामुळे नव्या यादीतलं काही राहिलं तर "अजून निम्म्यांना कुठे येतं" असं म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांशी बोलावं.

आता तुमच्यासाठी प्रश्न. बाळ पूर्ण दिवसांचं होतं का? वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेतो का? दोन्ही हात सारखे चालतात का? काखेत धरून उभं केलं की पायांवर भार घेतो का? हाक मारली की बघतो का? रांगण्यापेक्षा ही उत्तरं मला जास्त सांगतील.

शंकेखोर

त्याच २०२२ च्या यादीतून रांगणं काढून टाकलं, हे सांगायचं राहिलं तुमचं. तुमच्याच व्यवसायातल्या लोकांनी त्यावर बरीच ओरड केली होती.

पावलोपावली

केली होती, आणि थोडी मीही केली. रांगण्याची नक्की व्याख्या काय आणि ते कधी यायला हवं याची पुरेशी एकसारखी माहिती नाही, असं कारण त्यांनी दिलं. माझं मत असं की रांगताना तळहात, खांदे आणि पाठ जी मेहनत करतात ती दुसऱ्या कशातून सहज होत नाही, म्हणून मी बाळांना जमिनीवर भरपूर वेळ द्यायला सांगते. पण रांगला नाही म्हणून आजारी, असंही मी म्हणत नाही. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

आजोबा_नंबर_दोन

वॉकर काढून टाका असं कुणी म्हणायच्या आत सांगतो. आमची तिन्ही मुलं वॉकरमध्ये वाढली, तिन्ही चालतात, एक तर पळण्याच्या शर्यतीत पहिला यायचा. हल्ली सगळ्याचीच भीती घालतात.

पावलोपावली

आजोबा, ती वॉकरमुळे चालली नाहीत, वॉकर असूनही चालली.

वॉकरमध्ये बाळ टांगलेलं असतं. टाचा टेकत नाहीत, ते बोटांनी रेटा देतं. स्वतःची पावलं त्याला दिसत नाहीत. तोल सांभाळावा लागतच नाही, आणि चालण्यात शिकायचं असतं ते तोल सांभाळणं. वॉकरवाली मुलं लवकर चालत नाहीत, काही अभ्यासांत तर थोडी उशिरा चालताना दिसली. पण माझा खरा आक्षेप वेगाचा आहे. वॉकरमधलं बाळ एका सेकंदात मीटरभर जातं. तुम्ही वळून बघेपर्यंत ते जिन्याच्या तोंडाशी किंवा गरम भांड्याशी पोचलेलं असतं. मोठं माणूस त्याच खोलीत असतानाही अपघात होतात, ते यामुळेच. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवरही बंदी घातली.

ढकलत चालायची गाडी वेगळी. तिच्यात बाळ आत नसतं, मागे उभं असतं. ती जरा जड हवी, आणि बाळ स्वतः धरून उभं राहायला लागल्यावरच द्यावी.

आजोबा_नंबर_दोन

असूनही चालली... बरं. जिन्याचा मुद्दा पटला. आमच्या वेळी घर बैठं होतं.

स्क्रूड्रायव्हर

खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढली आहेत. "३ वर्षांवरील" या शब्दांवर थोडं लिहितो, कारण तिथेच बहुतेक घरं चुकतात.

ते वाक्य हुशारीबद्दल नाही. खोक्यावर गोलात बाळाचा चेहरा, "०-३" आणि वर तिरकी रेघ असं चिन्ह असतं, त्याचा अर्थ "याला समजणार नाही" असा नसून "यात घशात अडकेल असं काहीतरी आहे" असा आहे. हुशार बाळाचा घसासुद्धा तेवढाच अरुंद.

आमच्याकडे एक छोटा धातूचा नळकांडा असतो. व्यास ३१.७ मिलिमीटर, तळ तिरका, त्यामुळे खोली एका बाजूला २५ आणि दुसऱ्या बाजूला ५७ मिलिमीटरच्या आसपास. तीन वर्षांखालच्या मुलाच्या पूर्ण उघड्या घशाच्या मापावरून तो ठरवलाय. खेळणं किंवा त्याचा कुठलाही तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावला, तर ते तीन वर्षांखालच्यांसाठी नापास. घरी टॉयलेट पेपरची रिकामी नळी वापरा. ती आमच्या नळकांड्यापेक्षा थोडी रुंद असते, म्हणजे तुमची परीक्षा जास्त कडक. चेंडूचा नियम वेगळा. तो गोल असतो, घशात चपखल बसून हवा पूर्ण बंद करतो. म्हणून अमेरिकी नियमात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ४४.४ मिलिमीटरपेक्षा लहान चेंडू चालतच नाही.

आणि हे सगळं नव्या खेळण्याचं नाही, मोडक्याचं तपासायचं. अठरा महिन्यांखालच्या मुलांचं खेळणं आम्ही १३८ सेंटिमीटरवरून दहा वेळा आपटतो, पिळतो, डोळे आणि चाकं खेचतो, आणि मग जे निखळेल ते नळकांड्यात घालून बघतो. तुम्हीही कापडी अस्वलाचा डोळा जोर लावून ओढा. दुकानात लाज वाटली तर घरी ओढा, पण बाळाच्या आधी तुम्ही ओढा.

जागरणकर्ती, गाणाऱ्या हत्तीचं पोट उलटं करून सांगा. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद आहे की नखाने उघडतं?

जागरणकर्ती

हत्ती: स्क्रू आहे. गाय: नखाने उघडली. आत चपट्या बटणासारख्या तीन बॅटऱ्या.

स्क्रूड्रायव्हर

गाय आजच घराबाहेर. दुसऱ्या बाळाला देऊ नका, बॅटऱ्या काढून, त्यांच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात टाका.

लोकांना वाटतं बटण बॅटरी फुटते, आतलं रसायन गळतं आणि मग भाजतं. तसं नाही. त्यासाठी ती गळायची गरजच नसते. अन्ननलिकेत अडकली की ओल्या आवरणातून वीज वाहू लागते आणि ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते. तुंबलेली मोरी मोकळी करायच्या पावडरीसारखी. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. २० मिलिमीटरची लिथियम बॅटरी सगळ्यांत वाईट, कारण ती नेमकी लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकते. आणि सुरुवातीला मूल फक्त लाळ गाळतं, किरकिरतं, जेवत नाही. लोक सर्दी समजतात.

खेळण्यांपेक्षा इतर वस्तू तपासा: छोटे रिमोट, गाडीची किल्ली, वजनकाटा, ज्योत नसलेल्या मेणबत्त्या, गाणारी शुभेच्छापत्रं. खेळण्यांना निदान नियम आहेत.

परिचारिका_रजेवर

यात भर. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी सरळ इस्पितळात जायचं, क्ष-किरण तपासणी करायची. उलटी करवायची नाही. मूल वर्षावरचं असेल, नीट गिळत असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, पण त्यासाठी निघायला उशीर करायचा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही.

शक्तिशाली लोहचुंबकाच्या गोळ्या गिळणंही तितकंच वाईट. दोन गोळ्या आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांत असल्या तर भिंतींमधून एकमेकींना ओढतात, आणि मधली आतडी चिमटली जाऊन तिला भोक पडतं. पाण्यात फुगणारे रंगीत मणीही घरात नकोत, ते पोटातसुद्धा फुगत राहतात. फुगा फुटला की तुकडे लगेच गोळा करा, ते श्वासनलिकेवर कागदासारखे चिकटतात.

घशात काही अडकलं आणि बाळ रडू-खोकू शकत नसेल तर (वर्षाच्या आतलं) हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधे तळहाताने पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब. आलटून पालटून, आणि दुसऱ्याने तोवर रुग्णवाहिका बोलवायची. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नका, ती आणखी आत जाते. वाचून जमत नाही हे, एकदा कुठेतरी बाहुलीवर शिकून घ्या.

जागरणकर्ती

गाय गेली. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, मला रात्री घाबरवायची."

पावलोपावली, उत्तरं. हातातून हातात घेतो. दोन्ही हात सारखे. पायांवर भार घेतो, उड्या मारतो. हाक मारली की बघतो, न मारताही बघतो. आणि हो, पस्तिसाव्या आठवड्यात झाला. पाच आठवडे आधी. हे महत्त्वाचं आहे का? आता इतका गुटगुटीत आहे की मी विसरूनच गेले होते.

पावलोपावली

अहो, हेच तर! वय जन्मतारखेपासून नाही, ठरलेल्या तारखेपासून मोजायचं. याला दुरुस्त वय म्हणतात, टप्पे बघताना साधारण दोन वर्षांपर्यंत तेच धरायचं. तुमचा लेक नऊ महिन्यांचा नाही, पावणेआठ महिन्यांचा आहे. पावणेआठ महिन्यांचं बाळ आधाराशिवाय बसतंय, वस्तू हातबदल करतंय. पुढच्या भेटीत डॉक्टरांना रांगण्याबद्दल विचारा जरूर, पण रात्री दीडचा शोध बंद करा.

जागरणकर्ती

पावणेआठ. इतके आठवडे मी त्याला परीक्षेत नापास करत होते, आणि वर्ग चुकीचा होता.

रात्रपाळी

धाग्याचा विषय थोडा भरकटवतो, माफ करा. आमचा मुलगा साडेआठ महिन्यांचा, पूर्ण दिवसांचा. बसतो, हसतो, बडबडतो. पावलोपावली यांनी "दोन्ही हात सारखे चालतात का" विचारलं तिथे मी अडकलो. आमचा सगळं उजव्या हाताने करतो. खुळखुळा डाव्या बाजूला धरला तरी अंगावरून उजवा हात आणून घेतो. डाव्या हाताची मूठ बहुतेक वेळ मिटलेली, अंगठा आत. घरात त्याचं कौतुकच आहे, आत्तापासून पक्का उजवा म्हणून.

दोघांची_आई

माझी लेकही उजवीच आहे, इतकं काही

दोघांची_आई

खोडते मी हे. पावलोपावली, तुम्ही सांगा.

पावलोपावली

रात्रपाळी, भरकटलं नाही, उलट याच गोष्टीसाठी टप्पे बघायचे असतात.

हाताची पसंती इतक्या लवकर ठरत नाही. पहिल्या वर्षात दोन्ही हात जवळजवळ सारखे वापरले जातात. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल तर तो हात हुशार आहे असं समजायचं नसतं, दुसऱ्या हाताला काय अडचण आहे ते बघायचं असतं. आणि मिटलेली मूठ चार महिन्यांपर्यंत बरीच सैल पडायला हवी. कारणं अनेक असतात, काही किरकोळ, काही मेंदूशी संबंधित, ती मी इथून सांगणार नाही. पण पुढच्या लसीकरणापर्यंत थांबू नका. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि "आवडता हात" असं न म्हणता "डावा हात वापरत नाही" असं म्हणा. डाव्या बाजूला खुळखुळा धरल्यावर काय होतं त्याचा व्हिडिओ घेऊन जा. डॉक्टरांसमोर मुलं नेमकी झोपतात.

लवकर कळलं तर लवकर सुरुवात होते. या वयात हात शिकायला तयार असतो.

रात्रपाळी

उद्याची वेळ घेतली.

शंकेखोर

रात्रपाळी, लिहिलंत हे बरं केलंत. काय झालं ते सांगा.

कानोसा

माझ्या मुलीला ऐकू कमी येतं. आम्हाला उशिरा कळलं, त्याला कारण एक खेळणं. ते वाजलं की ती हसायची, म्हणून आम्ही निश्चिंत. ती आवाजाला हसत नव्हती, दिव्यांना आणि तळव्याला जाणवणाऱ्या थरथरीला हसत होती. ऐकू न येणारी बाळंही पहिले काही महिने हुंकारतात, त्यामुळे फसायला होतं. फरक नंतर दिसतो. नऊ महिन्यांच्या सुमारास "बाबाबा", "मामामा" अशी अक्षरांची माळ यायला हवी, पाठीमागून हाक मारली तर बघायला हवं. जन्मानंतरची श्रवणचाचणी पास झाली असली तरी शंका आली की पुन्हा करून घ्या.

अजून एक. वाजणारी खेळणी वाईटच असं नाही, पण ती वाजायला लागली की आपण गप्प होतो. २०१६ साली छापून आलेल्या एका लहानशा अभ्यासात (२६ जोड्या, दहा ते सोळा महिन्यांची बाळं) आईवडील विजेच्या खेळण्यांशी खेळताना सगळ्यांत कमी बोलले, पुस्तकं बघताना सगळ्यांत जास्त. आमच्या घरात हत्ती बोलायचा आणि मी फोन बघायचे. खेळणं स्वतःच्या कानाला लावून बघा, तुम्हाला कर्कश वाटलं तर बाळालाही आहे. त्याचा हात आखूड असतो, खेळणं कायम कानाजवळ.

दोघांची_आई

आले परत. जागरणकर्तीच्या ढिगाबद्दल.

मी खेळणं विकत घेताना एकच बघायचे: आत्ता याचे हात काय करतायत? वय नाही, हात. पहिले दोन-तीन महिने हात काहीच करत नाहीत आणि डोळ्यांना वीस-तीस सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं. तेवढ्या अंतरावर कडेवरच्या बाळाला काय दिसतं? आपलं तोंड. त्यामुळे तेव्हा खेळणं आपण. पाळण्यावर टांगलेलं झुंबर ठीक, पण बाळ हातांवर रेटा देऊन उठायला लागलं किंवा पाच महिन्यांचं झालं की काढायचं, दोरीत अडकतं. मग हात पुढे येतो, तेव्हा बारीक दांड्याचा हलका खुळखुळा. जड नको, स्वतःच्याच नाकावर आपटतात. मग हातबदल सुरू होतो, तेव्हा दोन्हीकडून धरता येईल अशी कडी.

तुमच्या लेकाचं आत्ता हे वय: आपटणं, टाकणं, शोधणं. रुमालाखाली वस्तू लपवा. पूर्वी रुमाल टाकला की बाळाच्या लेखी वस्तू संपायची, आता तो रुमाल ओढेल. पियाजे या बालमानसशास्त्रज्ञाने आठ महिन्यांच्या आसपास हे बदलतं असं म्हटलं; नंतरच्या संशोधकांना त्याहून खूप लहान बाळांतही "वस्तू तिथेच आहे" या समजेच्या खुणा दिसल्या, फक्त हाताला ते सांगता येत नाही. बुवा-कुकची मजा त्यातूनच येते. वर्षाच्या सुमारास डब्यात भरणं आणि ओतणं सुरू होईल, आणि भरण्यापेक्षा ओतणं जास्त.

आणि खोक्यातली चार खेळणी बाहेर ठेवा, बाकी लपवा, आठवड्याने बदला. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन बघितलं. चार असताना मुलं एकेकाशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. माझी दोघं चारसाठीसुद्धा भांडतात, ते वेगळं.

पावलोपावली

छान. यात एवढंच जोडते की रांगायला लावणारं खेळणं नसतं. पी हळद आणि हो गोरी असा तो प्रकार आहे. जमीन, मोकळे तळपाय आणि हाताच्या पोहोचीच्या जरासं पलीकडे ठेवलेली एखादी वस्तू एवढं पुरतं. फार पलीकडे ठेवलीत तर तो चिडेल आणि बरोबर असेल. पोटावर रडतो म्हणालात ना? तुम्ही समोर पालथ्या पडा, तोंडाला तोंड. किंवा त्याला तुमच्या छातीवर पालथा घ्या. अजून न सरकणाऱ्या बाळांना दिवसभरात मिळून निदान अर्धा तास असं पालथं ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं म्हणणं आहे. एका दमात नाही, तुकड्या तुकड्यांनी, आणि जागेपणीच. झोपवायचं मात्र उताणंच, आणि वर्षभर अंथरुणात कापडी खेळणी, उश्या काही नको.

आजोबा_नंबर_दोन

वॉकर मी नातवाच्या घरून उचलून आणला. सुनेने विचारलं का, तर सांगितलं, एका बाईंनी पटवून दिलं.

जागरणकर्ती

तीन आठवड्यांनी लिहितेय. रांगत नाही अजून. पण एक पाय दुमडून, दुसऱ्याने वल्ही मारल्यासारखं करत ढुंगणावर घसरत जातो, आणि वेग बघवत नाही. डॉक्टरांनी तपासलं, दोन्ही पाय सारखे आहेत म्हणाले. अशी मुलं चालायला जरा उशीर करतात, असंही म्हणाले. काकांचा ठोकळ्यांचा संच नळीच्या परीक्षेत नापास, तीन वर्षांनी भेटू. आता नवा छंद, उंच खुर्चीतून सगळं खाली टाकायचं आणि मी उचलायचं. हे किती दिवस चालतं?

दोघांची_आई

तुमची पाठ मोडेपर्यंत. दोरीने बांधून ठेवायचा मोह होईल, लांब दोरी नको, गळ्याभोवती जाते.

रात्रपाळी

मीही सांगायला आलोय. मेंदूविकारतज्ज्ञांनी बघितलं, तपासण्या झाल्या. नाव इथे लिहीत नाही, अजून मलाच उच्चारता येत नाही. थेरपी सुरू झाली आहे. घरी रोज उजव्या हातावर थोडा वेळ मऊ मोजा घालायचा आणि सगळी गंमत डाव्या बाजूला मांडायची. पहिले चार दिवस तो माझ्याकडे असं बघायचा की मी त्याचा शत्रू आहे.

जाड कडीऐवजी त्यांनी बारीक कडी द्यायला सांगितली, मिटलेल्या मुठीत सरकवता येते. आणि दोघांची_आई, तुमचा रुमालाचा खेळ. काल त्याने डाव्या हाताने रुमाल ओढला. पूर्ण नाही, अर्धा. मग दमला आणि खाली डोकं घालून त्याखाली बघितलं.

जागरणकर्ती

व्हिडिओ टाका ना!

रात्रपाळी

माझे दोन्ही हात त्याला धरून बसण्यात गुंतलेले असतात, काढणार कोण. उद्या हिला सांगतो.